सारंग, तोडी आणि वाद्यवृंद
अँथनी गोन्साल्विस यांच्या कॉन्चेर्टोंच्या निमित्ताने

काही माणसांचे नाव घरोघर पोहोचते, पण त्यांचे काम मात्र कोणाला ठाऊक नसते. अँथनी गोन्साल्विस हे अशांपैकी एक. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ हा चित्रपट आला आणि त्यातील एका गाण्यामुळे हे नाव सर्वांच्या ओठी बसले. हे नाव धारण करणारा एक खरा माणूस होता, तो व्हायोलिनवादक होता, आणि संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या या व्हायोलिन-गुरूच्या आदरापोटी ते नाव गाण्यात घातले, ही गोष्टही अलीकडे बऱ्याच जणांना कळली आहे. परंतु या गुरूने स्वतः काय लिहिले, असे विचारले तर उत्तर सहसा येत नाही. त्यांच्या रचनांत ‘सोनाटिना इंडियाना’, सारंग रागातील एक कॉन्चेर्टो, आणि तोडी थाटातील, व्हायोलिन व वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेला एक कॉन्चेर्टो यांची नावे येतात. रागावर आधारलेला कॉन्चेर्टो लिहिणे म्हणजे नेमके काय करणे, त्यात अडचणी कोणत्या आणि वाटा कोणत्या, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ज्यांच्याजवळ पेटी किंवा कीबोर्ड असेल त्यांनी ती जवळ घेऊनच पुढचे वाचावे. आपल्या दिलसुखनगरात कीबोर्ड शिकणाऱ्या मुलांची वाण नाही. तेव्हा स्वतःजवळ नसेल तर शेजाऱ्याकडे नक्की मिळेल.

कॉन्चेर्टो म्हणजे काय?

कॉन्चेर्टो हा शब्द इटालियन. एक प्रमुख वादक आणि त्याच्यासमोर संपूर्ण वाद्यवृंद, अशी या रचनेची मांडणी असते. आपल्याकडील साथसंगतीशी तिची तुलना चटकन सुचते, पण ती पुरती जुळत नाही. साथीचा पेटीवाला गायकाच्या मागून जातो. कॉन्चेर्टोत वाद्यवृंद कधी मागून जातो, कधी पुढे होतो, कधी प्रमुख वादकाचे म्हणणे खोडून काढतो. जुगलबंदीशीही ती जुळत नाही, कारण जुगलबंदीत दोघे तोलामोलाचे असतात. येथे एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर जण. हा विषम सामना एकट्याने कसा निभावला, हे ऐकण्यातच श्रोत्यांचा आनंद.

इटलीच्या विवाल्डीने (१६७८–१७४१) शेकडो कॉन्चेर्टो लिहिले. जलद, विलंबित, पुन्हा जलद असा तीन खंडांचा साचा त्याच्या हातून रुळला. १७२५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे ‘चार ऋतू’ म्हणजे व्हायोलिनचे चार कॉन्चेर्टोच होत. पुढे बेथोव्हेनने १८०६ साली आपला एकमेव व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला. या प्रकारात एक खास जागा असते. वाद्यवृंद थांबतो आणि प्रमुख वादक एकटाच वाजवू लागतो. तिला ‘कॅडेन्झा’ म्हणतात. पूर्वी ही जागा वादकाने आयत्या वेळी, स्वतःच्या बुद्धीने भरावी अशी रीत होती. बेथोव्हेनने आपल्या व्हायोलिन कॉन्चेर्टोत ती लिहून दिलीच नाही, वादकावर सोडली. परंतु १८४५ साली प्रथम वाजलेल्या मेंडेल्सोनच्या कॉन्चेर्टोत कॅडेन्झाही रचनाकाराने स्वतः लिहून टाकली. म्हणजे जी उपज युरोपातही एके काळी होती, ती हळूहळू कागदावर गेली. आपल्याकडे नेमके उलट आहे. आपल्या मैफिलीत बंदिश तेवढी ठरलेली असते, बाकी सारे उपजेचे. कॉन्चेर्टो लिहू पाहणाऱ्या भारतीय रचनाकारापुढे पहिला प्रश्न येतो तो हाच : लिहायचे किती आणि सोडायचे किती?

मजोर्डे ते मुंबई

अँथनी गोन्साल्विस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील मजोर्डे या गावी झाला. वडील गावच्या चर्चमधील गायनवृंदाचे शिक्षक होते. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिनसारखे एखादे वाद्य वाजवायला शिकवीत. आपल्याकडे मुलगा पाढे म्हणतो, त्या वयात तिकडचा मुलगा स्वरलिपी वाचून गाऊ लागे. ही विद्या घेऊन गोव्यातील कितीतरी तरुण पोटासाठी मुंबईला आले. हॉटेलांतील बँड, मूकपटांच्या काळातील चित्रपटगृहे आणि नंतर बोलपटांचे स्टुडिओ यांनी त्यांना काम दिले. अँथनी १९४३ साली मुंबईस आले आणि नौशाद यांच्या वादकांत दाखल झाले.

त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. एका बाजूला सतार, सारंगी, बासरी, तबला वाजवणारे हिंदुस्थानी कलावंत. पुष्कळांनी कानाने व गुरुमुखाने विद्या मिळवलेली, चाल ऐकून ती सरगममध्ये उतरवून घेणारे. दुसऱ्या बाजूला गोव्याचे व्हायोलिनवादक, ट्रंपेटवादक. समोर ठेवलेली पाश्चात्त्य स्वरलिपी पाहताक्षणी वाजवणारे, पण रागाच्या चलनाशी बऱ्याचदा अपरिचित. संगीतकार चाल देई. त्या चालीभोवती सर्वांसाठी वेगवेगळे भाग लिहून काढण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या गोव्याच्या संयोजकांकडे असे. म्हणजे रागाची चाल आणि वाद्यवृंदाचे लेखन यांची गाठ मुंबईत रोज पडत होती. मात्र ती तीन मिनिटांच्या गाण्यापुरती, आणि पुन्हा शब्दांच्या सेवेत. अँथनींना ही गाठ मोठ्या, स्वतंत्र रचनेत घालावयाची होती. हिंदुस्थानी राग त्यांना मनापासून आवडू लागले होते, आणि ते वाद्यवृंदासाठी लिहिता येतील असा त्यांचा विश्वास होता. वर उल्लेखिलेल्या कॉन्चेर्टोंचे मूळ येथे आहे.

तारवाद्यच का?

रागाचा कॉन्चेर्टो लिहायचा तर व्हायोलिन हे वाद्य सोयीचे, यामागे रचनाकाराच्या आवडीखेरीज इतरही कारणे आहेत. व्हायोलिनच्या पट्टीवर पडदे नसतात. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला स्वर निघतो, त्याच्या अधेमधे जाता येत नाही. व्हायोलिनवर बोट केसभर सरकवले की स्वर तेवढाच सरकतो. त्यामुळे मींड, आंदोलन, अतिकोमल स्वर हे सारे त्यावर शक्य होते. म्हणूनच हे परदेशी वाद्य आपण इतके आपलेसे केले. कर्नाटक संगीतात ते आणण्याचे श्रेय मुत्तुस्वामी दीक्षितारांचे बंधू बालुस्वामी दीक्षितार यांना देतात. म्हैसूरचे टी. चौडय्या यांनी तर सात तारांचे व्हायोलिन वाजवले, आणि त्यांच्या नावाचे बंगळुरूमधील सभागृह व्हायोलिनच्या आकाराचे बांधले आहे, हे कन्नड विभागाच्या वाचकांना सांगायला नकोच. मराठी मुलखातही गजाननराव जोशी, वि. गो. जोग, द. के. दातार यांनी हिंदुस्थानी पद्धतीचे व्हायोलिन थोर पदाला नेले.

मात्र आपले व्हायोलिन आणि कॉन्चेर्टोतील व्हायोलिन यांत दोन महत्त्वाचे फरक आहेत. आपला वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायावर टेकवतो. त्यामुळे डाव्या हातावर वाद्य पेलण्याचा भार उरत नाही आणि हात तारेवरून मोकळा घसरतो. कॉन्चेर्टोतील वादक उभा राहतो व वाद्य हनुवटी आणि खांदा यांच्यात धरतो. त्याचा हात ठरावीक जागा बदलत चालतो. दुसरा फरक तारा लावण्याचा. आपण षड्ज-पंचम, षड्ज-पंचम असे जुळवतो. पाश्चात्त्य पद्धतीत चारही तारा एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर असतात.

हा दुसरा फरक किरकोळ वाटेल, पण तसा तो नाही. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या दुसऱ्या तारेचा स्वर, म्हणजे पेटीवरील पांढरी दोन, हा षड्ज मानला तर चार मोकळ्या तारा अनुक्रमे शुद्ध मध्यम, षड्ज, पंचम आणि शुद्ध ऋषभ अशा येतात. बेथोव्हेन, ब्राम्स, चायकोव्हस्की यांचे व्हायोलिन कॉन्चेर्टो याच स्वरावरचे आहेत, कारण मोकळ्या तारा बोलू लागल्या की सारे वाद्य घुमते. आता पाहा : सारंगात हे चारही स्वर लागतात. तोडीत यांपैकी फक्त दोन लागतात. शुद्ध मध्यम आणि शुद्ध ऋषभ तेथे वर्ज्य. म्हणजे त्याच वाद्यावर, त्याच षड्जावर सारंग मोकळ्या तारांनी घुमतो, आणि तोडी वाजवताना दोन तारा बोटाने दाबूनच वापराव्या लागतात. एका रागाला वाद्य स्वतः साथ देते, दुसऱ्याला ते अडवते. रचनाकार एक ओळही लिहिण्याआधी ही गोष्ट ठरून गेलेली असते.

सारंग : मधला स्वर नसलेले घर

आता मूळ अडचणीकडे वळू. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा पाया म्हणजे हार्मनी, आणि हार्मनीचा पाया म्हणजे कॉर्ड. एक स्वर घ्या, पुढचा सोडा, त्यापुढचा घ्या, पुन्हा एक सोडून तिसरा घ्या, आणि तिन्ही एकदम वाजवा : ही कॉर्ड झाली. बिलावल थाटात सा-ग-प वाजवले की मेजर कॉर्ड मिळते. गंधार कोमल केला की मायनर. पाश्चात्त्य संगीतात सा-वरच्या कॉर्डला घराचे स्थान आहे, आणि प-वरच्या कॉर्डला घराकडे नेणाऱ्या वाटेचे. प-नी-रे वाजवून लगेच सा-ग-प वाजवून पाहा. वाक्य पूर्ण झाल्यासारखे, पूर्णविराम पडल्यासारखे वाटेल. त्या संगीतातील बहुतेक वाक्ये अशीच संपतात.

सारंग (येथे आपण प्रचलित वृंदावनी सारंग धरू) हा काफी थाटातला, दुपारचा राग. त्यात गंधार आणि धैवत वर्ज्य, आरोहात शुद्ध निषाद, अवरोहात कोमल निषाद, वादी ऋषभ. पेटीवर त्याच्या कॉर्ड शोधा. प-वर गेलो तर प, शुद्ध नी, रे मिळतात. उत्तम मेजर कॉर्ड. शिवाय शुद्ध निषादाने वर षड्जाकडे जाणे हा तर सारंगाच्या आरोहाचाच नियम. येथे रागाचा नियम आणि पाश्चात्त्य वाक्यरचनेचा नियम अगदी हातात हात घालून चालतात. उतरताना कोमल नी, रे, म अशी दुसरी मेजर कॉर्डही मिळते. पण घरी पोहोचावे तर घरात मधला स्वरच नाही! सा आणि प आहेत, गंधार नाही. ती कॉर्ड ना मेजर, ना मायनर. केवळ सा-प, पोकळ. पाश्चात्त्य कानाला ती अपुरी वाटते. सवयीने कोणी तेथे शुद्ध गंधार घातला तर कॉर्ड भरते, परंतु सारंगाचा सारंगपणा त्याच क्षणी नाहीसा होतो. कोमल गंधार घातला तरी तेच.

मग काय करावे? सा-प पोकळच ठेवावे, आणि ते आपल्या तंबोऱ्याप्रमाणे वाद्यवृंदाच्या खालच्या तारांत, चेलो आणि डबल बास यांत, घुमत ठेवावे. आपल्या कानाला त्यात काही कमी वाटत नाही. उलट त्यातच विश्रांती वाटते. अर्थात मग पाश्चात्त्य श्रोत्याला ओळखीचा शेवट मिळत नाही. कोणाच्या कानासाठी लिहायचे, हा निर्णय रचनाकाराला येथे करावाच लागतो.

तोडी : घर आहे, वाट मोडलेली

तोडीची अडचण अगदी उलट आहे. तोडी थाटात ऋषभ, गंधार, धैवत कोमल, मध्यम तीव्र आणि निषाद शुद्ध. (कन्नड विभागातील मित्रांनी येथे सावध असावे. कर्नाटक पद्धतीतील तोडी, म्हणजे आठवा मेळकर्ता हनुमत्तोडी, हा आमच्या भैरवी थाटाशी जुळतो; आमच्या तोडी थाटाचे स्वर पंचेचाळिसाव्या मेळकर्त्याचे, शुभपंतुवराळीचे. नाव एक आणि घर वेगळे, असा हा प्रकार आहे.)

सातही स्वरांवर एक सोडून एक अशी कॉर्ड बांधून पाहू. सा-ग-प : मायनर, सुरेख. ध-सा-ग : मेजर, तीही सुरेख. पण येथेच ओळखीच्या कॉर्ड संपल्या. ग-प-नी ही ताणलेली, अस्वस्थ करणारी कॉर्ड. रे-म-ध आणि नी-रे-म यांत मधला स्वर आपल्या जागेवरून सरकलेला. म-ध-सा मध्ये तीव्र मध्यम आणि कोमल धैवत एकमेकांना इतके चिकटलेले की त्यास कॉर्ड म्हणणे कठीण. आणि सर्वांत महत्त्वाची, प-नी-रे? तिच्यातील ऋषभ कोमल असल्यामुळे तिचा वरचा पंचम तुटतो. म्हणजे घराकडे नेणारी वाटच मोडलेली. पुन्हा मियाँ की तोडीत आरोहात पंचमाला फारसा थारा नसतो, आणि गुजरी तोडीत तर तो वर्ज्यच. तेव्हा प-वर कॉर्ड उभी करणे रागालाही रुचत नाही. शुद्ध ऋषभ घालून वाट दुरुस्त करावी, तर तोडी राहत नाही.

थोडक्यात, सारंगात वाट आहे पण घर अपुरे. तोडीत घर पुरे आहे पण वाट नाही. गोन्साल्विस यांनी कॉन्चेर्टोसाठी घेतलेल्या या दोन स्वरसमूहांत रागसंगीत आणि हार्मनी यांच्यातील झगड्याच्या दोन्ही बाजू आल्या आहेत. सोपा मार्ग हवा असता तर बिलावल किंवा काफी थाटातला एखादा संपूर्ण राग घेता आला असता.

आणखी एक बारकावा पाहण्यासारखा आहे. एका रचनेच्या नावात ‘राग’ आहे, दुसरीच्या नावात ‘थाट’. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांनी रागांचे दहा थाटांत वर्गीकरण केले. थाट म्हणजे केवळ सात स्वरांची चौकट. त्याला आरोह-अवरोहाचे बंधन नाही, वादी-संवादी नाही, पकड नाही. मियाँ की तोडी, गुजरी तोडी, मुलतानी हे सारे त्या एकाच चौकटीतील राग. ‘तोडी थाटातील’ असे म्हटले की रचनाकाराला या सर्वांच्या अंगणात वावरण्याची मुभा मिळते. जेथे राग अधिक कडक आणि हार्मनी अधिक अवघड, तेथे रागाऐवजी थाटाचे नाव घेणे हे शहाणपणाचे होय.

मींड लिहायची कशी?

स्वरांचा प्रश्न सुटला तरी चालीचा उरतोच. तोडीचा गंधार पेटीवरच्या कोमल गंधाराहून खाली, ऋषभाकडे झुकलेला, हलता असतो. व्हायोलिनवर तो लागतो. पण त्याच क्षणी वाद्यवृंदातील क्लॅरिनेट किंवा ट्रंपेट आपला ठरलेला कोमल गंधार वाजवीत असेल तर दोघांत खटका उडतो. यावर साधा उपाय असा, की प्रमुख वादक तो स्वर हलवीत असताना इतरांनी तो घेऊच नये. आपल्याकडे चांगला पेटीवाला नेमके हेच करतो : गायक मींड घेऊ लागला की तो बोट उचलतो, आणि गायक स्वरावर स्थिर झाला की पुन्हा येऊन मिळतो. वाद्यवृंदात हा समजूतदारपणा आयत्या वेळी साधत नाही. तो आधी कागदावर, प्रत्येकाच्या भागात, विरामचिन्हांनी लिहून ठेवावा लागतो.

मींडेचेही तसेच. पाश्चात्त्य स्वरलिपीत दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ काढली की घसरत जावे असा अर्थ होतो. परंतु कोठे रेंगाळायचे, कोठे वेग वाढवायचा, हे ती रेघ सांगत नाही. एकट्या वादकाला गुरूजवळ बसून ते शिकता येते. वाद्यवृंदातील सोळा व्हायोलिनांनी ती एकदम आणि एकसारखी घ्यायची तर मात्र प्रत्येकाने ती आधी ऐकलेली असायला हवी. मुंबईच्या स्टुडिओतील व्हायोलिनवादकांनी ती रोज ऐकली होती. रागाचा वाद्यवृंद तेथे उभा राहू शकला याचे हेही एक कारण.

इतरांनी काढलेल्या वाटा

हाच प्रश्न पुढे पंडित रविशंकर यांनी वेगळ्या रीतीने हाताळला. त्यांचा पहिला सतार कॉन्चेर्टो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला. २८ जानेवारी १९७१ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आंद्रे प्रेव्हिन यांच्या संचालनाखाली तो प्रथम वाजला. त्याचे चार खंड आहेत : खमाज, सिंधी भैरवी, अडाणा आणि मांझ खमाज. त्यात हार्मनीला मुद्दाम कमी जागा आहे. वाद्यवृंद बहुतांशी रागाच्याच ओळी वाजवतो, सतारीला सवाल-जवाब देतो, किंवा खाली षड्ज धरून राहतो. काही पाश्चात्त्य समीक्षकांना हे उणे वाटले. परंतु राग शाबूत राहिला. दुसरा कॉन्चेर्टो ‘रागमाला’ १९८१ साली न्यूयॉर्कमध्ये झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली झाला. ललत, बैरागी, यमन कल्याण आणि मियाँ की मल्हार हे त्यातील मुख्य राग. येथे वाद्यवृंदाला अधिक धीट काम दिलेले आहे. तिसरा कॉन्चेर्टो २००९ साली त्यांच्या कन्या अनुष्का यांनी वाजवला. तिन्हींत सतारीसाठी उपजेच्या जागा राखलेल्या आहेत. जुन्या कॅडेन्झाची रीत जणू आपल्या घरून पुन्हा युरोपात गेली. कर्नाटक परंपरेतून डॉ. एल. सुब्रमण्यम यांनी व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लेखन केले. त्यांची ‘फँटसी ऑन वेदिक चँट्स’ ही रचना १९८५ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर, तीही झुबिन मेहता यांच्याच संचालनाखाली, सादर झाली. या दोन थोर कलावंतांच्या रचनांची ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत. वर दिलेल्या कॉर्डच्या कसोट्या हाताशी ठेवून ती जरूर ऐकावीत.

हे सारे लंडन-न्यूयॉर्कला घडले. पण त्याआधी तेरा वर्षे, १९५८ च्या एप्रिलमध्ये, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात अँथनी गोन्साल्विस यांनी आपला ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला होता. सुमारे ११० वादक, आणि गायनाला लता मंगेशकर व मन्ना डे. रागांवर आधारलेले वाद्यवृंदाचे संगीत श्रोत्यांनी त्या संध्याकाळी ऐकले. एका कॉलेजच्या आवारात हे घडले, हे आपल्यासारख्या कॉलेजच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कागदावरचे संगीत

मग हा प्रवाह पुढे का वाहिला नाही? कारण सोपे आहे, आणि कठोरही. ख्यालगायकाला एक तंबोरा, एक तबलजी आणि दहा रसिक पुरतात. कॉन्चेर्टोला मात्र साठ-सत्तर वादक, त्यांचा सराव, त्यांचे मानधन, संचालक आणि सभागृह लागते; आणि एकदा वाजवून भागत नाही, कारण नवी रचना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेलाच उमगू लागते. मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला होता, पण अशा संस्थांना कायमचा आधार मिळत नव्हता. स्टुडिओतील वादक दिवसा दुसऱ्याचे काम करीत. मोठ्या रचनेसाठी त्यांना वारंवार एकत्र आणणे एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. अँथनी १९६५ साली सिरॅक्यूझ विद्यापीठाच्या अनुदानावर अमेरिकेस गेले. परत आल्यावर ते चित्रपटसृष्टीत पुन्हा रमले नाहीत. मजोर्ड्याला जाऊन शांतपणे राहिले. १८ जानेवारी २०१२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात, म्हणजे एन.सी.पी.ए.मध्ये, २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला. उस्ताद झाकिर हुसेन यांचा ‘पेश्कार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो २०१५ साली याच वाद्यवृंदाबरोबर झाला. म्हणजे जो आधार अँथनींना मिळाला नाही, तो आता काही प्रमाणात आहे. तेव्हा सारंग आणि तोडी यांतील ते कॉन्चेर्टो पुन्हा उभे राहावेत, ते नीट ध्वनिमुद्रित व्हावेत, अशी अपेक्षा करणे अवाजवी नाही. लिहिलेले संगीत वाजल्याखेरीज संगीत होत नाही. वाजेपर्यंत ते केवळ कागदावरच्या खुणा असते. ज्या माणसाचे नाव सारा देश गुणगुणतो, त्याचे संगीत मात्र ऐकायला मिळू नये, ही आपल्या सांस्कृतिक हिशेबातील मोठी थकबाकी म्हटली पाहिजे.

विद्यार्थी मित्रांना करता येण्यासारखी गोष्ट याहून लहान आहे, पण उपयोगाची आहे. पेटीवर सारंगाचे स्वर धरून सा-प घुमत ठेवा आणि वर प-नी-रे वाजवून षड्जावर या. नंतर तोडीचे स्वर धरून तोच प्रयत्न करा, आणि वाट कोठे मोडते ते स्वतःच्या कानांनी ऐका. कॉलेजात कर्नाटक पद्धतीचे व्हायोलिन शिकणारा एखादा कन्नड वा तेलुगू मित्र असेल, तर त्याला त्याच षड्जावर शुभपंतुवराळी वाजवायला सांगा आणि आपण खाली षड्ज-पंचम धरा. दोन पद्धतींचे दोघे एका सुरावर किती वेळ टिकतात, हे पाहावे. अँथनी गोन्साल्विस यांनी हाच उद्योग शंभराहून अधिक वादकांना बरोबर घेऊन केला होता. दोघांना एका सुरावर आणताना किती कष्ट पडतात हे एकदा अनुभवले, म्हणजे त्यांनी काय आरंभले होते याची कल्पना येईल.